‘फर्स्ट कॉपी’ लिहूनच विकतो, मग धोका कसला?

प्रश्न: वय २७, नाशिकला मोबाईल ॲक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. दोन वर्षांपासून मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे नामांकित कंपन्यांच्या घड्याळांची हुबेहूब नक्कल असलेली घड्याळं आणून दुकानात आणि इन्स्टाग्रामवर विकतो. ओरिजिनल म्हणून एकही विकलेलं नाही. पोस्टवर ठळक ‘फर्स्ट कॉपी, सेव्हन ए क्वालिटी’ असं लिहितो. आता ग्वांगझूचा एक सप्लायर ९०० रुपयांना नग द्यायला तयार आहे, पण २०० नग उचलावे लागतील. त्याचा एजंट म्हणतो, ‘डोअर टू डोअर देतो, कस्टम्सचं आम्ही बघतो, फक्त तुमचा आयईसी (आयात-निर्यात कोड) द्या.’ नमुन्याचे ५ नग मागवले होते, ते मुंबईला कुरिअर टर्मिनलवर १२ दिवस अडकलेत. पार्सलवर ‘गिफ्ट, ॲलॉय ब्रेसलेट, २० डॉलर’ असं लिहिलंय. कुरिअरवाले केवायसी आणि बिल मागतात. सप्लायर म्हणतो, पाहिजे त्या रकमेचं बिल देतो. काल ‘कस्टम ऑफिसर’चा फोन आला : १८,५०० रुपये यूपीआयने टाका, नाहीतर अटक. काय करू? शिवाय दाजी पुढच्या महिन्यात बँकॉकहून येताना असंच एक घड्याळ हातात घालून येणार आहेत. त्यांनाही अडवतील का?

उत्तर: आधी तो फोन निकालात काढू. एक रुपयाही पाठवू नका. कस्टम्सचा अधिकारी यूपीआय आयडी देऊन फोनवर वसुली करत नाही. कुरिअरने आलेल्या पार्सलची ड्यूटी कुरिअर कंपनी भरते आणि पावती देऊन तुमच्याकडून घेते. दंड लागायचाच तर आधी लेखी आदेश निघतो आणि रक्कम सरकारी खात्यात जाते, कुणाच्या मोबाईल नंबरवर नाही. विभागाकडून येणाऱ्या समन्सवर, पत्रावर, नोटिशीवर २०१९ पासून डीआयएन हा क्रमांक असतो; केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून तो खरा की खोटा ते मिनिटभरात कळतं. तुमचं पार्सल अडकल्याचं त्या भामट्याला कसं कळलं, याचं आश्चर्य वाटायला नको. तुमचं नाव आणि मोबाईल नंबर पार्सलवर छापलेला असतो आणि ग्वांगझूपासून मुंबईपर्यंत तो दहा जणांच्या डोळ्यांखालून जातो. नंबर, वेळ आणि यूपीआय आयडी लिहून ठेवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

फोन खोटा असला, तरी पार्सलची अडचण खरी आहे.

‘फर्स्ट कॉपी’ या दोन शब्दांना तुम्ही ढाल समजता. कायद्याच्या नजरेत तो तुमचा कबुलीजबाब आहे, तोही तुमच्याच अकाउंटवर, तारीखवार. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली खोट्या मार्कचा माल विकणं, विक्रीसाठी मांडणं, विक्रीसाठी जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड; दुसऱ्यांदा सापडलात तर किमान कैद १ वर्ष आणि किमान दंड १ लाख. गिऱ्हाईक फसलं की नाही, हा या कलमाचा प्रश्नच नाही. मार्क ज्याचा आहे त्याची परवानगी होती का, एवढंच बघतात. गिऱ्हाइकाला सगळं ठाऊक होतं म्हणून मार्कच्या मालकाची परवानगी मिळाली असं होत नाही.

याच कलमात विक्रेत्याला सुटकेची एक वाटही ठेवलेली आहे. योग्य ती खबरदारी घेतली होती आणि मार्कबद्दल शंका घ्यायला कारण नव्हतं, असं सिद्ध करता आलं तर दुकानदार सुटू शकतो. एखाद्या भोळ्या दुकानदाराला वितरकानेच फसवलं असेल, तर त्याला ही वाट उपयोगी पडते. तुम्हाला पडणार नाही, कारण ‘फर्स्ट कॉपी’ लिहिणारा माणूस ‘मला शंका आली नाही’ असं म्हणू शकत नाही. कुणी तुम्हाला ‘लोगोशिवाय घड्याळ आण, लोगो वेगळे आण, इथे बसव’ अशी अक्कल शिकवली, तर ती आणखी महागात पडेल. तेव्हा मार्क लावणारे तुम्हीच ठराल, आणि कलम १०३ त्यासाठीच आहे. असे मार्क बनवायचे ठसे, साचे जवळ बाळगणंसुद्धा त्यात येतं.

आता बंदरावर आणि विमानतळावर काय होतं ते. बनावट मार्कचा माल अडवण्यासाठी २००७ पासून स्वतंत्र नियम आहेत. घड्याळ कंपनी आपला ट्रेडमार्क कस्टम्सकडे नोंदवते. तसा माल दिसला की अधिकारी क्लिअरन्स थांबवतो आणि कंपनीला कळवतो. कंपनीला कारवाईत सामील व्हायला कामकाजाचे १० दिवस मिळतात, ते आणखी १० दिवस वाढू शकतात. कंपनीचा माणूस नमुना तपासू शकतो. आयातदाराचं नाव-पत्ता कंपनी मागू शकते, आणि कस्टम्स तो देतं. म्हणजे मुंबईत अडकलेल्या ५ नगांवरून नाशिकच्या दुकानाचा पत्ता कंपनीच्या वकिलाच्या टेबलावर पोहोचतो. बनावट ठरलेला माल सहसा नष्ट करतात. ‘चीनला परत पाठवतो, पैसे तरी सुटतील’ हा हिशेबही चालत नाही, कारण असा माल आहे त्या स्थितीत पुन्हा निर्यात करायला नियमांत मनाई आहे.

या नियमांतून एक सूट आहे : प्रवाशाच्या सामानातल्या किंवा छोट्या पार्सलमधल्या, स्वतःच्या वापराच्या, व्यापारी नसलेल्या वस्तू. सप्लायर तुम्हाला हीच सूट दाखवत असणार. पण एकाच पार्सलमध्ये ५ नग, मागवणाऱ्याचं दुकान आणि इन्स्टाग्रामवर दरासकट कॅटलॉग, एवढं असल्यावर ‘स्वतःच्या वापरासाठी’ हे कुणी ऐकून घेणार नाही.

कस्टम्स कायद्यातलं एक कलम मात्र घड्याळाच्या व्यापाऱ्याला पाठच हवं. कायदा १९६२ चा, कलम १२३. एरवी माल चोरटा आहे हे सरकारने सिद्ध करायचं असतं. हे कलम तो नियम उलटा करतं : अधिकाऱ्याने वाजवी संशयावरून माल जप्त केला, तर तो चोरटा नाही हे ज्याच्या ताब्यात सापडला त्याने सिद्ध करायचं. आणि हे कोणकोणत्या मालाला लागू? कलमात नाव घेऊन लिहिलंय : सोनं, सोन्याच्या वस्तू आणि घड्याळं. बाकीच्या वस्तू सरकारला अधिसूचना काढून त्यात घालाव्या लागतात. घड्याळ पहिल्या दिवसापासून आहे. त्या काळात मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर रात्री उतरणाऱ्या मालात सोन्याच्या बिस्किटांबरोबर परदेशी घड्याळं असत, त्याची ही खूण. तस्करी बदलली, कलम तसंच राहिलं.

तुमच्या दुकानाला ते असं लागतं. आज तुमच्या शोकेसमध्ये ३० घड्याळं आहेत असं धरू. मुंबईच्या व्यापाऱ्याने तुम्हाला काय दिलंय? बहुतेक कच्ची चिठ्ठी, त्यावर ‘घडी ३० पीस’ आणि आकडा. पक्कं जीएसटी बिल नाही, माल कोणत्या बिल ऑफ एंट्रीने (कस्टम्सकडे भरायच्या आयातीच्या कागदाने) देशात आला त्याचा पत्ता नाही. अधिकारी दारात आला, तर सिद्ध करायची जबाबदारी तुमची आणि हातात ती चिठ्ठी. व्यापाऱ्याचा फोन त्या दिवशी लागेल, या भरवशावर राहू नका.

आता अडकलेल्या पार्सलकडे वळू. ‘गिफ्ट’ या शब्दामागची समजूत जुनी झाली. डिसेंबर २०१९ पासून पोस्टाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून माल सोडवून घेण्यालाच बंदी आहे. अपवाद फक्त जीवरक्षक औषधं आणि राखी. राखीबरोबरच्या भेटवस्तूलासुद्धा सूट नाही. म्हणजे आतला माल अस्सल असता तरी हे पार्सल अडकलं असतं. तुमच्या पार्सलमध्ये एकावर एक तीन गोष्टी चुकीच्या आहेत : वर्णन, किंमत आणि मार्क. क्ष-किरणात घड्याळ लपत नाही. बारीक चक्रं, गोल केस, बॅटरीचा काळा ठिपका स्पष्ट दिसतो. आणि स्टीलचा पट्टा असलेलं एक घड्याळ साधारण १५० ग्रॅम भरतं, तेव्हा वजनच चुगली करतं.

सप्लायरकडून ‘पाहिजे त्या रकमेचं’ बिल अजिबात मागवू नका. आत्तापर्यंतची खोटी माहिती सप्लायरने लिहिली होती. ते बिल दिलंत की ती तुमची झाली. कस्टम्सच्या कामात जाणूनबुजून खोटा कागद दिला तर कस्टम्स कायद्याच्या कलम ११४एए खाली मालाच्या किमतीच्या ५ पटींपर्यंत दंड होऊ शकतो. मनाई असलेल्या मालासाठी कलम ११२ चा दंड वेगळा : मालाची किंमत किंवा ५,००० रुपये, यांतलं जे जास्त ते, त्या मर्यादेपर्यंत. नमुन्याचे ५ नग ४,५०० रुपयांचे धरले तर दोन्ही मिळून कमाल २७,५०० होतात. सप्लायरचा भाव मानायचाच, असं बंधन अधिकाऱ्यावर नसतं. किंमत वर गेली की दंडाची कमालही वर जाते.

आज कुरिअर कंपनीला ईमेल करा. फोनवर बोलू नका, ईमेलच. एअर वे बिल क्रमांक (पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) लिहून दोनच गोष्टी विचारा : पार्सल फक्त केवायसीअभावी थांबलंय की कस्टम्सने उघडून अडवलंय? बिल ऑफ एंट्री भरली गेली आहे का? पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. माल सोडण्याचा आदेश निघण्याआधी मालकाला मालावरचा हक्क लेखी सोडता येतो, मग ड्यूटीही लागत नाही. कलम २३ मध्ये ती सोय आहे. पण त्याच कलमात पुढे अट आहे की ज्या मालाबाबत गुन्हा झाल्याचं दिसतं, त्याच्यावरचा हक्क असा सोडता येत नाही. ‘मला नको, ठेवून घ्या’ म्हटलं की प्रकरण मिटलं, असं एजंट सांगतात ते म्हणूनच अर्धवट आहे. अधिकाऱ्याने अजून पार्सल उघडलं नसेल तर ती वाट कदाचित खुली असेल. उघडलं असेल तर केवायसी, ऑथॉरिटी लेटर, खुलासा यांतलं काहीही पाठवण्याआधी कस्टम्सचं काम करणारा वकील गाठा. शेजारचा जीएसटीवाला सल्लागार इथे पुरणार नाही.

समन्स आलं तर टाळू नका. कलम १०८ खाली दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरतात. पोलिसांपुढच्या जबाबासारखा तो बाजूला पडत नाही. म्हणून जे खरं आहे तेवढंच सांगा, समजेल त्या भाषेत लिहा, पान वाचल्याशिवाय सही करू नका. ‘बहिणीच्या लग्नात द्यायला मागवली’ वगैरे रचलेली गोष्ट सांगाल आणि पुढच्या मिनिटाला मोबाईलमधला स्टॉक ग्रुप समोर येईल. समन्स हातात पडल्यावर चॅट किंवा पोस्ट पुसू नका, त्याचा अर्थ तुमच्याविरुद्धच लागतो. नंतर कारणे दाखवा नोटीस येईल, सुनावणी होईल. एरवी काही माल दंड भरून सोडवता येतो. मनाई असलेल्या मालाला तो पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं आणि बनावट मार्कच्या मालाला तो मिळेल अशी आशा धरू नका. घड्याळं परत मिळावीत म्हणून भांडू नका. भांडायचं ते दंड कमी व्हावा म्हणून. आदेश पटला नाही तर ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येतं, त्यासाठी दंडाच्या ७.५ टक्के आधी भरावे लागतात.

एजंटचा प्रस्ताव तर अगदी सरळ आहे. ‘कस्टम्सचं आम्ही बघतो’ आणि ‘आयईसी तुमचा’ ही दोन वाक्यं एकत्र आली की समजायचं : कमाई त्याची, नाव तुमचं. आयईसी तुमच्या पॅनला जोडलेला असतो. बिल ऑफ एंट्रीवर आयातदार म्हणून तुम्ही असाल, आणि खोक्यात आणखी कुणाकुणाचा काय माल घातलाय हे तुम्हाला माहीतही नसेल. २०० घड्याळांच्या ३० किलोंबरोबर दुसऱ्याचे ३०० किलो येऊ शकतात. तो पैसे कसे मागतो तेही पाहा. आयातीचे पैसे बँकेमार्फत, कागदांसह जायला हवेत. ‘मुंबईत माझ्या माणसाला रोख द्या’ असं असेल तर कस्टम्सच्या वर परकीय चलन कायद्याचं लफडंही गळ्यात येतं.

हिशेब मांडून बघा. २०० नगांचे १,८०,००० आणि एजंटचे नगामागे २५० धरले तर ५०,०००. एक घड्याळ २,२०० ला विकलंत आणि एकही परत आलं नाही, तर सुटणार २,१०,०००. अडकलात तर २,३०,००० बुडीत, आणि नुसत्या ९०० च्या भावाने धरलं तरी वरच्या दोन कलमांची कमाल १०,८०,०००. फौजदारी खटला यात धरलेला नाही.

‘एकही परत आलं नाही’ हे गृहीतही हवेतलंच. त्या ९०० च्या घड्याळाचं मागचं झाकण एकदा दुरुस्तीवाल्याकडून उघडून घ्या. ४० मिलिमीटरच्या केसमध्ये पांढरी प्लॅस्टिकची कडी दिसेल आणि तिच्या मधोमध नाण्याएवढं क्वार्ट्झ मशीन. उरलेली जागा कडीने भरलेली. अस्सल ऑटोमॅटिकचा सेकंदकाटा सेकंदाला बहुधा ८ पावलं टाकतो म्हणून सरकल्यासारखा दिसतो. हा टक, टक, सेकंदाला एक. क्रोनोग्राफच्या (स्टॉपवॉचवाल्या घड्याळाच्या) तीन छोट्या डायल्सपैकी एखादी नुसती छापलेली, बटण दाबलं तरी काटा ढिम्म. तारखेवरचं भिंग अस्सलमध्ये अक्षर अडीच पट मोठं करतं, यात तारीख तेवढीच बारीक. डायलवर ‘१०० मीटर’ छापलेलं, पण झाकणाच्या खाचेत रबरी रिंग असते किंवा नसते. नाशिकचा पहिला जोराचा पाऊस झाला की काचेखाली वाफ. केस जस्ताच्या मिश्रधातूची, वर मुलामा. घामाने तो तीन-चार महिन्यांत कडेने उडतो, आणि निकेलची ॲलर्जी असलेल्याच्या मनगटावर लाल चट्टा उठतो. गिऱ्हाईक तेव्हा ग्वांगझूला जात नाही, तुमच्या काउंटरवर येतं.

शोकेसमधल्या मालाची विक्री आज थांबवा. तो दुसऱ्या दुकानदाराला ‘आलेल्या भावात’ देऊन मोकळं होऊ नका, तीही विक्रीच आहे. बाजूला ठेवा आणि वकिलाला दाखवून त्याचं काय करायचं ते ठरवा. दुकान ॲक्सेसरीजचं आहे म्हणून आणखी एक : नामांकित स्मार्टवॉचसारखी दिसणारी नक्कल ठेवत असाल तर तिथे मार्कबरोबर बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचाही प्रश्न येतो. स्मार्टवॉचला ती सक्तीची आहे, मग लोगो असो वा नसो.

घड्याळाच्या धंद्यातच राहायचं असेल तर देशी कंपन्यांच्या वितरकाकडून पक्क्या बिलावर माल घ्या. नगामागे नफा कमी सुटेल, पण वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देता येईल. जुन्या एचएमटीला शौकीन गिऱ्हाईक आहे. कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे चांगल्या जुन्या नगाला मागणी टिकून आहे. फक्त त्या बाजारात डायल नव्याने रंगवून ‘जुना स्टॉक’ म्हणून खपवणारेही भरपूर आहेत. भडक रंग, फाटलेली किंवा जाड झालेली अक्षरं, खुणांच्या रेषा काट्याशी न जुळणाऱ्या, असं दिसलं की डायल रंगवलेलं समजा आणि तो नग घेऊच नका.

राहिले दाजी. हातातलं एकच घड्याळ, स्वतः वापरायचं, तर ते वर सांगितलेल्या सवलतीत बसतं आणि भारतात त्यावरून सहसा काही होत नाही. पण हातात एक आणि बॅगेत सहा, तेही डब्यांसकट, असं असेल तर तो व्यापारी माल. ‘साल्याच्या दुकानासाठी नेतोय’ असं ते सहज बोलून गेले तर तिथेच विषय संपला. आणि पुढे कधी युरोपला जाणार असतील तर तेही एक घड्याळ घरी ठेवायला सांगा. स्वित्झर्लंड २००८ पासून खाजगी वापराचं बनावट घड्याळसुद्धा काढून घेऊन नष्ट करतं, आणि इटलीत विकत घेणाऱ्या पर्यटकाला ७,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. अस्सल, महागडं घड्याळ घालून इथून परदेशी जायचं असेल तर जाताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. त्यात घड्याळाचा सीरियल नंबर लिहून घेतात. परत येताना ‘हे तिकडे घेतलंत का’ असं विचारलं की तोच कागद पुढे करायचा.